मीडियम वेव्हवरची हाक

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी आपणहून बोलणाऱ्यांतली नाही, हे आमच्या इमारतीत कोणीही सांगेल.

त्या सकाळी मी घरातून निघाले ती फक्त डबा पोचवायला. डब्यात घावन, सुरमईचं कालवण, आणि वर सासूबाईंची सूचना: "फहदला सांग, गरम आहे तोवर खा. आणि तोंडाने सांग गे. नुसता डबा ठेवून खांबासारखी उभी राहू नकोस."

लग्न करून रत्नागिरीहून इकडे आले, त्याला जेमतेम एक हिवाळा झाला होता. गाव आखातातलं, उम्म अल कुवैनच्या पुढचं, किनाऱ्यावरचं. नाव सांगत नाही, लोक मग बघायला येतात. फहद, माझा नवरा, तिथल्या नगरपालिकेच्या रेडिओत टेक्निशियन. जन्म इथला, शाळा इथली. मराठी वाक्य नीट सुरू करतो आणि अर्ध्यात इंग्रजीत उतरतो. मी अर्ध्यापर्यंत थांबते आणि मान हलवते. आमचं बरं चाललं होतं.

नगरपालिकेचा रेडिओ म्हणजे एक स्टेशन नव्हे, भरलेलं घर आहे. अरबी एफएम, कुराण पठणाचं वेगळं, इंग्रजीवर सकाळपासून सगळे विनाकारण खूश, मल्याळीवर गल्फमधल्या नवऱ्यांसाठी गावाकडच्या बायकांची फर्माईश, फिलिपिनोंचं एक, आणि हिंदीवर सायरा नावाची मुलगी, जी ट्रॅफिक आणि शेर एका दमात सांगते. दिवसभर घरात कोणी नसलं की मी एकेकाकडे जाऊन बसायचे. या सगळ्यांत म्हातारं होतं मीडियम वेव्ह. अरबीच, पण जुनं. त्यावर तासातासाला एक जड, सावकाश आवाज म्हणायचा, "हुना इझाअतुल मदीना." हा शहराचा रेडिओ. तो निवेदक कधीच वारला होता, ही हाक आणि हवामानाची ठरावीक वाक्यं, एवढं रेकॉर्डिंग उरलं होतं. महिनाअखेर हे स्टेशन बंद व्हायचं होतं. एफएम असताना ते ऐकतं कोण, असं ऑफिसचं म्हणणं.

ऐकायचे बोटवाले.

माझे सासरे खैरुद्दीन हे अरबाब सालेमच्या लाँचवर तांडेल. अरबाब म्हणजे मालक, तांडेल म्हणजे लाँच चालवणारा. पण या दोघांत मालक कोण हे भांडण ऐकून ठरवणं अवघड. दोघेही कानाने थोडे अधू, म्हणून अर्धं अरबी अर्धं हिंदी बोलणं सगळ्या धक्क्याला ऐकू जायचं. सासऱ्यांनी मला आल्या आल्या एक गोष्ट शिकवली होती. नव्या सुनेला कोणी सोनं दाखवतं, यांनी ट्रान्झिस्टर दाखवला. "हा मीडियम वेव्हला लाव आणि हातात धरून गोल फीर. एका दिशेला तोंड केलं की आवाज बारीक होतो बघ. त्या दिशेला रेडिओचा मनोरा. मनोरा खाडीच्या बरोबर तोंडामागे. धुक्यात आवाज बारीक ठेवत ठेवत आत यायचं. होकायंत्र दिशा दाखवतं पोरी, खाडीचं तोंड नाही दाखवत. आणि तोंडाच्या उत्तरेला खडक आहेत."

मी म्हटलं होतं, "फोनवर नकाशा असतो ना?"

ते हसले होते. त्या दिवसांत फोनवरचे नकाशे वेडे झाले होते. समुद्रातली बोट वाळवंटात उभी आहे असं दाखवायचे.

तर ती सकाळ. आमच्या क्वार्टर्सपासून मनोरा चालत जाण्यासारखा. मधे खारट जमिनीचा पट्टा आणि तारेचं कुंपण. धुकं असं पडलं होतं की हातातला डबा दिसत होता आणि त्यापलीकडचा माझा पाय दिसत नव्हता. अंधाराची माणसाला सवय असते, त्यात काही दिसणार नाही हे गृहीत धरून आपण चालतो. इथे लख्ख उजेड होता. पांढरा, ओला, सगळीकडून सारखा. मी कुंपणाच्या तारेला बोट लावून चालले. चिखलाचा, कुजल्या शेवाळाचा वास. तोंडावर मिठाचं पाणी. आणि अर्ध्या वाटेत मला कळलं की काहीतरी कमी आहे.

मनोऱ्याचा तो बारीक गुणगुणाट. कुंपणाला हात लावला की बोटांना जाणवायचा. आज तार गप्प होती.

मनोऱ्याखालच्या खोलीत गेले तर फहद प्रक्षेपणाच्या मशीनचं दार उघडून गुडघ्यांवर बसला होता. बाजूला फळीवर त्याचा तपासणीचा ट्रान्झिस्टर चालू होता, आणि तो ओळखीचा जड आवाज बोलत होता. हवामान सांगत होता. समुद्र शांत. वारा मंद.

"यम्ना, डबा तिथे ठेव," तो म्हणाला. "मशीन ट्रिप होतंय सारखं. मनोऱ्याच्या खाली तो चिनीमातीचा मोठा कोन आहे ना, त्यावर खारट धुकं बसलं की स्पार्क पडतो, अँड द होल थिंग शट्स डाउन. पण आता ऑन एअर आहे. ऐक ना."

मी ऐकलं. मग मशीनच्या काट्याकडे बघितलं. काटा शून्यावर पडून होता.

"फहद," मी म्हटलं, "काटा..."

त्याने बघितलं. काचेवर टिचकी मारली. उठून भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. खोलीतले दिवे गेले, पंखा फिरत फिरत थांबला. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर बोलतच राहिला.

"हुना... इझाअतुल... मदीना..."

"दुसरं कुठलं स्टेशन असेल," फहद म्हणाला. आवाज मात्र त्याने खाली आणला होता.

"तोच आवाज?"

"रेकॉर्डिंग कोणाकडेही असू शकतं."

"मग पाणी कसलं?"

दोन वाक्यांच्या मधल्या जागेत पाणी ऐकू येत होतं. लाट दगडाच्या कपारीत शिरते आणि परत येताना चोखल्यासारखा आवाज करते, तसं. पुन्हा हवामान. समुद्र शांत, वारा मंद. पुन्हा पाणी. आणि त्या आवाजाला श्वास नव्हता. बोलणारा माणूस कुठेतरी दम घेतो. हा घेत नव्हता.

मी ट्रान्झिस्टर उचलला आणि हातात धरून सावकाश फिरले. मनोऱ्याच्या बाजूला आवाज मोठा. दाराकडे मोठा. उत्तरेच्या खिडकीसमोर आले आणि तो कुजबुजीएवढा बारीक झाला. खिडकीत नुसतं पांढरं होतं. त्या पांढऱ्यामागे काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"तिथे तर... देअर इज नथिंग देअर," फहद म्हणाला.

"खडक आहेत."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सासूबाई. इतक्या मोठ्याने बोलत होत्या की मला फोनजवळ जावं लागलं नाही. "फहद! अब्बांचा फोन आलेला, दोन शब्द बोलले नि बॅटरी मेली. बाहेर काय दिसत नाय म्हणाले. पण काळजी नको, रेडिओ मस्त लागलाय, त्याच्यावरनं सरळ येतोय म्हणाले. बाकीच्या बोटी पण मागोमाग आहेत. तू रेडिओ नीट ठेव हां बाळा, बंद नको करू."

फहदने फोन खाली घेतला. त्याचा चेहरा मी लग्नापासून रोज बघत होते, पण हा चेहरा मला नवीन होता.

रेडिओ मस्त लागलाय.

"मशीन चालू करा," मी म्हटलं.

"आधी तो कोन पुसायला लागेल. ड्राय करायला लागेल."

मी डोक्यावरची ओढणी काढून त्याच्या हातात दिली. तो धुक्यात पळाला. मी खोलीत एकटी. तुम्हाला खरं सांगते, त्या वेळात मी ट्रान्झिस्टर बंद करायला दोनदा हात नेला. केला नाही. तो काय सांगतोय हे कळत राहायला हवं होतं. तो तेच सांगत होता. इकडे या असं तो कुठेच म्हणत नव्हता. त्याला गरजच नव्हती.

फहद परत आला, ओढणी काळी झालेली. खटका वर. मशीन कण्हलं, काटा थरथरत चढला, आणि पायाखालच्या फरशीत तो गुणगुणाट परत आला. मला रडू येणार होतं. आलं नाही, कारण ट्रान्झिस्टरमधून आता एकाच वेळी दोन निवेदक बोलायला लागले. एक आमचा, स्टुडिओतून येणारा. एक खडकावरचा. आवाज तोच, शब्द तेच, एकमेकांवर अचूक चढलेले. मी गोल फिरले. आवाज कुठेच बारीक होईना.

"असं नाही चालायचं," मी म्हटलं. "अब्बांना दोघांतला खरा कोण ते कसं कळणार?"

फहदने स्टुडिओची लाइन तोडली आणि तपासणीचा माइक मशीनला लावला. अरबीत बोलला. "सर्व बोटींना सूचना. दाट धुकं आहे. सावध राहा." रोजचीच सूचना. त्याचं वाक्य संपायच्या आत खडकावरून तेच वाक्य आलं, त्या जड आवाजात. फहदने इंग्रजीत सांगितलं. तेही आलं. इंग्रजीतल्या सूचनाही या स्टेशनने पूर्वी कधीतरी दिल्या असणार.

गप्प माणसाला एक फायदा असतो, ऐकायला वेळ मिळतो.

"या स्टेशनवर जे कधी बोललं गेलंय, तेच त्याला येतं," मी म्हटलं. "मराठी कधी लागलंय का यावर?"

"नेव्हर."

"मग मराठीत बोला."

त्याने माइककडे बघितलं, मग माझ्याकडे. "यम्ना, माझं मराठी... अब्बा स्वतः हसतात. तू बोल."

"मी?"

"यल्ला, यम्ना! प्लीज!"

मी माइक हातात घेतला. शाळेत एकदा मला स्टेजवर ढकललं होतं, तेव्हा मी फक्त नाव सांगून खाली उतरले होते. आताही नावापासूनच सुरुवात केली.

"अब्बा. मी यम्ना. घरची. तो अरबी बोलणारा खोटा आहे, तो खडकावर आहे. त्याच्याकडे जाऊ नका. माझा आवाज जिकडे बारीक होईल तिकडे या."

थांबले. फहद हाताने खुणा करत होता, बोल, बोल. ट्रान्झिस्टरमध्ये पाणी चोखल्याचा आवाज झाला. मग त्या जड गळ्यातून, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं:

"अ... ब्बा."

फहद भिंतीला टेकला.

खडकावरचा तो शिकत होता. म्हणजे मला एकच गोष्ट पुन्हा म्हणायची सोय नव्हती. त्याच्या पुढे राहायला हवं होतं. आणि त्या क्षणी, का कोण जाणे, मला भीतीपेक्षा राग जास्त आला. माझ्या सासऱ्यांना अब्बा म्हणणारा तू कोण?

मग मी बोलले. लग्न झाल्यापासून जे जे गिळलं होतं ते सगळं. अब्बा, कालवणात मीठ जास्त पडतं ते माझ्या हातून नाही, मी घालून गेल्यावर अम्मी परत घालतात. तुमच्या विड्या अम्मींनी तांदळाच्या डब्यामागे लपवल्यात, वर मला कसम घातलीय. वरच्या मजल्यावरच्या हाफिजाआपा मला मुकी समजतात आणि माझ्यासमोर सगळ्या इमारतीच्या कागाळ्या करतात, आता त्या ऐकत असतील तर ऐकू देत. फहद झोपेत इंग्रजीत भांडतो. मला इथलं पाणी आवडत नाही, समुद्र आवडतो. घावन जाळीदार व्हायला पीठ आंबवायचं नसतं, पातळ ठेवायचं असतं, आणि तवा असा तापवायचा की पाण्याचा थेंब नाचला पाहिजे...

तो मागून येत होता. "मीठ..." म्हणायचा, तोवर मी विड्यांवर असायचे. "विड्या..." म्हणायचा, तोवर मी हाफिजाआपांना घेतलेलं असायचं. रागाने म्हणा, कशाने म्हणा, पाण्याचा आवाज वाढत चालला होता. पण शब्द तुटायला लागले होते.

फहद एका कानाला फोन लावून स्टुडिओशी बोलत होता. नंतर कळलं, हिंदीवर सायराने गाणं मध्येच तोडलं आणि सांगितलं, "जो भी बोट समंदर में है, मीडियम वेव्ह लगाओ. एक लड़की मराठी में बोल रही है. अरबी वाले की मत सुनो, लड़की की तरफ़ आओ." मग मल्याळीने तेच सांगितलं. फिलिपिनोंनी सांगितलं. इंग्रजीवरचे खूश लोक पहिल्यांदाच गंभीर झाले. अरबी एफएमने सांगितलं, आणि कुराणाच्या स्टेशनवर पठण संपताच एक शांत गळा तेवढंच एक वाक्य बोलून गेला. नगरपालिकेच्या रेडिओतलं एकूण एक स्टेशन माझ्याकडे बोट दाखवत होतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी घावन उलटत होते.

आणि भोंगा वाजला.

दूर, धुक्यात, घोगरा. मग दुसरा, डावीकडे. मग तिसरा. बोटवाले एकमेकांना जागा सांगत होते. आता मी थांबणार नव्हते. "या!" मी ओरडले, माइकमध्ये ओरडू नये हे मला कोणी सांगितलं नव्हतं. "सगळे या! मल्याळी या, गुजराती या, अरबाब तुम्ही पण या, भांडायचं ते धक्क्यावर भांडा! बाहेर जो कोणी असेल त्याने घरी यावं! कोणाला मागे ठेवायचं नाही!"

ट्रान्झिस्टरमध्ये तो आवाज एकदा म्हणाला, "घरी..." आणि थांबला. पाणीही थांबलं. नुसती खरखर उरली, आणि त्या खरखरीत माझा स्वतःचा आवाज. मी तो पहिल्यांदा ऐकला. बरा होता.

पुन्हा फोन. सासूबाई धक्क्यावर पोचल्या होत्या. रडत होत्या की हसत होत्या ते कळेना. "आल्या गे! आल्या बोटी! हा तुझा सासरा उतरतोय!" मागून अरबाब सालेम गरजत होते, "खैरुद्दीन! तेरी बहू ने मुझे झगड़ालू बोला, पूरे शहर के सामने!" आणि सासऱ्यांचा आवाज: "झूठ बोला क्या?" मग ते फोनजवळ आले. जरा दम घेऊन म्हणाले, "पोरी, खडकांचा फेस दिसायला लागला होता. हात लावीन एवढ्यावर. तेवढ्यात तू मिठाचं काढलंस. म्हटलं, ही आपली."

फहदने मला त्या खोलीत, मशीनसमोर, मिठी मारली. मशीनसमोर असं काही करायची ही पहिलीच वेळ असावी. मी माइक अजून सोडला नव्हता.

"बंद कर आता," तो म्हणाला. "खलास. सगळे आले. अम्मीने मोजले."

मी हात खाली घेणार, तेवढ्यात बाहेरून भोंगा वाजला.

बाकीच्यांहून खोल. जुन्या लाकडी लाँचना असायचा म्हणे, तोंडाने फुंकायचा. एकदाच वाजला आणि गप्प झाला, दारात उभं राहून कोणी आवाज द्यावा तसा.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. फोन चालूच होता. धक्क्यावरचा सगळा गलका बसला होता. अरबाब सालेम हळूच, अरबीत, स्वतःशी काहीतरी म्हणाले. फहदने मला सांगितलं, ते म्हणतायत, बाहेर आता कोणी उरलेलं नाही.

"बंद करू?" फहदचा हात खटक्यावर होता.

भोंगा पुन्हा वाजला. त्याच जागेवरून. वाट बघत.

मी काय करणार होते? कोणाला मागे ठेवायचं नाही, हे मीच सगळ्या शहरासमोर म्हटलं होतं. मी माइक तोंडाजवळ घेतला आणि हळू आवाजात, आपण पाहुण्याला अंगणातून आत घेतो तसं, बोलत राहिले. डावीकडे खडक आहेत, सांभाळून. पाणी उतरतंय. हं, असं. आता सरळ. भोंगा जवळ येत गेला. खाडीच्या तोंडाशी आला. आत आला. मग वाजला नाही.

धक्क्यावर जे होते त्यांनी पाहिलं ते मी सांगते. काहीच आलं नाही. पण खाडीतून एक लाट आली, बोट आत शिरल्यावर येते तशी, आणि बांधलेल्या लाँच एकेक करून हलल्या. अरबाब सालेम बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी छातीवर हात ठेवून सलाम केला, वाकून आपल्या लाँचचा दोर सोडला, आणि ती थोडी सरकवून शेजारी जागा करून दिली.

दुपारपर्यंत धुकं उठलं. संध्याकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मल्याळी बायका हलवा घेऊन आल्या, हाफिजाआपाही आल्या आणि माझ्याशी फार जपून बोलल्या. सासूबाईंनी सगळ्यांसमोर विड्यांचा डबा काढून सासऱ्यांच्या हातात आदळला. मीडियम वेव्ह बंद करायचा हुकूम नगरपालिकेने मागे घेतला. आता धुक्याच्या दिवसांत सकाळी त्यावर माझाच आवाज असतो, मराठीत. सायरा मला शेर पाठवते, मी रेसिपी सांगते. पोरीबाळी रस्त्यात ओळखतात. खडकावरून पुन्हा कोणी बोललेलं नाही.

धक्क्यावरची ती जागा मात्र अजून रिकामी आहे. तिथे कोणी दोर बांधत नाही, अरबाब बांधू देत नाहीत. मी कधीकधी सासऱ्यांना डबा द्यायला जाते तेव्हा बघते. भरतीला बोटी वर येतात, हलतात, आणि एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांच्या कडेला टायर बांधलेले असतात ते दबतात. त्या रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूच्या लाँचचे टायरही दबतात. त्या जागेकडच्या बाजूचे. मधे नुसतं पाणी असतं.